पेन्सिलीनं खूण केलेली वाक्यं

मी एक जुना फळा आहे. लाकडाचा. आजकालच्या गुळगुळीत हिरव्या फळ्यांच्या जातीतला मी नाही. मला उजवीकडं एक भेग आहे. खडू तिच्यावरून गेला की कुठलंही अक्षर थोडं अडखळतं.

मित्रांनो, मी एका लहान बसस्थानकावर राहतो. निलंग्याच्या पुढं, कर्नाटकच्या सीमेकडं जाणाऱ्या रस्त्यावर. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर अण्णारावांना आवडणार नाही, आणि या गोष्टीत त्यांना आधीच लई वाईट वाटून झालंय.

माझ्या अंगावर रोज एक वाक्य असतं. वर पांढऱ्या ऑइल पेंटनं 'आजचा सुविचार' असं कायमचं लिहिलेलं, आणि खाली खडूनं त्या दिवसाचं वाक्य. हे वाक्य शोधायचं कसं, याची ही गोष्ट आहे. माझ्याच अंगावर घडली, म्हणून मीच सांगतो.

पण आधी माझं सांगतो. थोडक्यात.

मी जन्मलो भूकंपाच्या दुसऱ्या वर्षी. तेव्हा आमच्याकडं शाळा पत्र्याच्या शेडात भरायच्या. शंकरप्पा सुतारानं एका पडलेल्या घराच्या दाराच्या तीन फळ्या घेतल्या, रंधा मारला, मागून दोन पट्ट्या ठोकल्या आणि मला उभं केलं. मी दार होतो तेव्हाचं मला काही आठवत नाही. कडीच्या जागेचं भोक मात्र शंकरप्पानं लाकडाची गुल्ली ठोकून बुजवलंय, ते अजून हाताला लागतं.

शाळेत माझी चैन होती. दर शनिवारी पोरं टॉर्चचे जुने सेल फोडायची, त्यातलं काळं काढायची, पाल्याच्या रसात कालवायची आणि मला चोळायची. सोमवारी मी असा काळा कुळकुळीत. "ह्या फळ्यावर अक्षर बसतं," असं मास्तर म्हणायचे. ते ऐकून मला बरं वाटायचं. कोणाला वाटणार नाही?

मग नवी इमारत झाली. हिरवे फळे आले. मला मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं. सात वर्षं. माझ्या आडोशाला कोंबड्या अंडी घालायच्या. भेग पडली ती त्याच काळात, एका उन्हाळ्यात. कोणाला ऐकूसुद्धा गेली नाही.

एकदा त्या शाळेत मतदान होतं. रांगेत एक माणूस होता. कपाळावर इबितीची, म्हणजे भस्माची, तीन बोटं, खिशाला शिट्टी, हातात पाण्याची बाटली. रांग हलेना म्हणून तो मागं फिरत आला आणि माझ्यासमोर थांबला. त्यानं मला बोटानं वाजवून बघितलं.

"सागवान हाय की हे," तो स्वतःशीच म्हणाला. "आन् असं टाकलंय."

ते अण्णाराव. बसस्थानकावरचे वाहतूक नियंत्रक. म्हणजे गाडी आली की वहीत वेळ लिहिणारे, माईकवरून "प्रवाशांनी लक्ष द्यावे" म्हणणारे, आणि गाडी नाही आली की शिव्या खाणारे. त्यांनी मास्तरांना विचारलं, मला गाडीच्या टपावर टाकलं आणि स्थानकावर आणून त्यांच्या केबिनच्या भिंतीला ठोकलं.

मित्रांनो, सात वर्षांनी माझ्यावर खडू चालला, तेव्हा गुदगुल्या झाल्या. यापेक्षा जास्त सांगत नाही.

सुरुवातीला अण्णाराव सुविचार कॅलेंडरमधून घ्यायचे. रोजच्या पानावर खाली एक ओळ असायची. पण तीन-चार वर्षांत त्याच त्या ओळी फिरून यायला लागल्या. माझ्या खाली मल्लम्मा बसते. शेंगा आणि पेरू विकते. तिला वाचता येत नाही, पण रोज सकाळी कोणाला तरी धरून माझ्यावरचं वाचून घेते. ती एकदा म्हणाली, "अण्णा, हे तर पोळ्याला बी हेच होतं. फळा शिळं खाऊन राहिलाय का?"

अण्णारावांना ते लागलं.

त्याच आठवड्यात संगमेश कंडक्टरला लातूर गाडीत एक पुस्तक सापडलं. शेवटच्या सीटवर. एक जाड, जुनी कादंबरी. पुठ्ठा गेलेला, पहिली चार पानं गेलेली, त्यामुळं नाव-गाव काही नाही. शाळेतले एक म्हातारे मास्तर गाडीची वाट बघताना ती चाळून म्हणाले, "अरे, ही आमच्या वडलांच्या वेळी घरोघर वाचायचे. मोठी कादंबरी." नाव त्यांनाही आठवलं नाही. आठवत आठवत ते गाडीत चढून गेले.

अण्णारावांनी रजिस्टरला नोंद केली. 'गहाळ वस्तू. पुस्तक एक.' आणि ठेवून दिलं. तीन महिने कोणी आलं नाही.

एका सकाळी कॅलेंडरवरची ओळ परत तीच निघाली. अण्णारावांनी वैतागून कादंबरी उघडली. आत बघतात तर काय, जागोजागी वाक्यांखाली पेन्सिलीच्या रेघा. बारीक, सरळ, पट्टी धरून मारलेल्या. कोणीतरी मन लावून केलेलं काम.

"संगमेश, हे बग," अण्णाराव हरखून म्हणाले. "कुण्या शहाण्या माणसानं आपलं काम करूनच ठेवलंय. चांगली चांगली वाक्यं निवडून ठेवलीत. आपण नुसतं उतरवायचं."

"पुस्तक वाचायचं न्हाई?" संगमेशनं विचारलं.

"पाचशे पानं हायत. गाड्या तू लावतोस का?"

तेव्हापासून ही पद्धत पडली. सकाळी सहाला अण्णाराव यायचे, कादंबरी उघडायचे, पेन्सिलीची रेघ शोधायचे. वाक्य लांब असलं तर पुढची रेघ. माझ्यावर चार ओळी बसतात, त्यात मावलं पाहिजे. मावलं की ते चांगलं वाक्य. खोटं कशाला बोलू, हीच परीक्षा होती.

पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे. 'मन मोठं असलं की हात रिकामे वाटत नाहीत.'

लोक थांबून वाचायला लागले. कॉलेजची पोरं फोटो काढून स्टेटसला ठेवायला लागली. एका ड्रायव्हरनं ते वाक्य घरी दाराच्या वर लिहून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात आलं, 'विश्वास मोजायचा नसतो, ठेवायचा असतो.' त्यावर तर एका जावयानं सासऱ्याशी चाललेलं भांडण मिटवलं, असं संगमेश सांगत होता. आता संगमेश जे सांगतो त्यातलं अर्धंच धरायचं असतं, पण तरी.

मी फुगलो. मित्रांनो, कबूल करतो. शाळेत माझ्यावर पाढे होते, ते पोरं घाबरून बघायची. इथं माणसं मान वर करून हसून बघत होती.

फक्त मल्लम्मा. तिला वाक्य वाचून दाखवलं की ती शेंगा मोजता मोजता विचारायची, "कोण म्हणलं हे?"

"अव्वा, सुविचार हाय. कोण म्हणलं काय विचारती?" वाचणारा म्हणायचा.

"न्हाई, पर कोण तरी म्हणलं असंल की. आपोआप थोडंच उमटलंय?"

सगळे हसायचे. मीही मनातल्या मनात हसायचो. तिचा तो रोजचा प्रश्न आणि आमचं रोजचं हसणं.

तिला वाक्य वाचून दाखवणाऱ्यांत एक अंबिका होती.

अंबिका बाई म्हणा, कारण ती शिक्षिका. पंचवीस-सव्वीस वर्षांची. रोज सकाळी सव्वासातची खेड्याची गाडी धरायची. त्या खेड्यात एक विनाअनुदानित शाळा होती. अनुदान नाही म्हणजे पगार नाही. चार वर्षं ती फुकट शिकवत होती. "फाईल वर गेलीय, थांबा, कायम करतो," असं तिला चार वर्षं सांगत होते. तुम्हाला हे नवल वाटत असेल तर तुम्ही आमच्याकडचे नाही.

तिच्या पिशवीत एक शंभर पानी वही असायची. माझ्यावरचं वाक्य ती त्या वहीत उतरवून घ्यायची आणि शाळेत परिपाठाला पोरांकडून म्हणवून घ्यायची. पोरं रांगेत उभी राहून छाती काढून म्हणतात, असं ती मल्लम्माला सांगायची. म्हणजे माझी वाक्यं खेड्यापर्यंत गेली होती. मी आणखी फुगलो.

मग ती गोष्ट झाली.

अंबिकाला लातूरहून पत्र आलं. मुलींच्या एका वसतिगृहात अधीक्षिकेची जागा. राहायला खोली, महिन्याला पगार. सोमवारी सकाळी अकरापर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला. बुधवारी माझ्यासमोर उभी राहून तिनं ते पत्र मल्लम्माला वाचून दाखवलं.

"मंग जा की," मल्लम्मा म्हणाली. "इचार कशाचा करून राहिलीस?"

"अव्वा, चार वर्षं घातली मी तिथं. आता पुढच्याच महिन्यात अनुदान येतंय म्हणतात. आत्ता सोडलं आणि पुढच्या महिन्यात आलं तर? आणि पोरं... माझ्याशिवाय ती पोरं परिपाठाला नीट उभीसुद्धा राहत नाहीत."

त्या दिवशी माझ्यावर होतं, 'थांबणाऱ्याच्याच अंगणात झाड मोठं होतं.'

तिनं वर बघितलं. वाचलं. परत वाचलं. पत्र घडी करून पिशवीत ठेवलं.

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी वाक्य बदललं असतं तर कदाचित ती विसरली असती. पण अण्णाराव भाचीच्या लग्नाला उदगीरला गेले. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, चारही दिवस तेच वाक्य. रोज सव्वासातच्या आधी ती येऊन उभी राहायची आणि मी तिला तेच सांगायचो. थांब. थांब. थांब. थांब. जणू खास तिच्यासाठी लिहून ठेवलंय. मला वाटत होतं मी तिला धीर देतोय.

शनिवारी दुपारी शाळेचे सचिव राजशेखर यांची जीप स्थानकासमोर थांबली. अंबिका नुकतीच गाडीतून उतरली होती. ते खाली उतरले. फार गोड माणूस. रागानं बोलताना त्यांना कोणी बघितलं नसेल.

"मॅडम, लातूरचं काही ऐकतोय मी," ते हसून म्हणाले.

"विचार चाललाय, सर."

"विचार करा. अवश्य करा. तुम्ही आमच्या घरच्यासारख्या. घरच्या माणसाला आम्ही नाही म्हणत नाही." मग त्यांची नजर माझ्यावर गेली. "बघा, फळ्यावर सुद्धा काय लिहिलंय. थांबणाऱ्याच्याच अंगणात. वा! चार वर्षं पाणी घातलं, आता झाड सोडून जाता? पुढचा महिना, मॅडम. माझा शब्द."

मी तेव्हा साक्षीदार झालो. मला विचारलं नाही, पण झालो.

रविवारी अण्णाराव परत आले. लग्नाचे लाडू सगळ्यांना वाटले. दहाच्या सुमाराला अंबिका आली. शाळेला सुट्टी, कुठं जायचं नाही, तरी आली.

"काका, ते पुस्तक द्या की. वाचून आणून देते."

"न्हाई जमत, मॅडम. ती गहाळ वस्तू हाय. मालक येईपर्यंत स्थानकाच्या बाहेर न्यायची न्हाई."

"वर्ष झालं की काका. कोण येतंय आता?"

"आन् आला तर? मी काय सांगू, मॅडमनं नेलं म्हणून?" अण्णारावांनी चष्मा कपाळावर सारला. "पर तुमाला कशाला पाहिजे? वाक्यं तर मी लिहितोच रोज."

"झाडाच्या वाक्याच्या पुढं काय लिहिलंय ते बघायचंय. थांबल्यावर झाड किती दिवसांनी येतंय, ते तरी कळेल."

अण्णाराव हसले. ती हसली नाही. मग त्यांनी पुस्तक काढून दिलं. "इथंच बसून वाचा. बाकडं काय माझ्या घरचं न्हाई."

ती माझ्या खालच्या बाकड्यावर बसली आणि पहिल्या सापडलेल्या पानापासून वाचायला लागली. झाडाच्या वाक्याचं पान आधी काढलं नाही. सुरुवातीपासून. मल्लम्मानं तिच्या ओटीत मूठभर शेंगा टाकल्या.

बिदर गाडी आली, गेली. लातूर गाडी आली, गेली. ऊन फलाटावरून सरकत माझ्यापर्यंत आलं. ती एकदा हसली. एकदा तिनं ओढणीनं डोळे पुसले. जेवायला गेली नाही, केळी खाल्ली. कोणाला वाचताना बघणं हे काम मला शाळेनंतर पहिल्यांदाच मिळालं होतं, मला बरं वाटत होतं.

तीनच्या पुढं मात्र ती थांबली. मागची पानं उलटायला लागली. एक रेघ बघ, पुढं जा, दुसरी रेघ बघ. बोटानं मोजल्यासारखं. भराभर.

"काका, इकडं या."

"उमरगा गाडी लावू दे."

"काका, या."

तिच्या आवाजात काय होतं माहीत नाही, अण्णाराव माईक तसाच ठेवून आले.

"ह्या खुणा कोणी केल्या?"

"ज्याचं पुस्तक त्यानं."

"सगळ्या खुणा एकाच माणसाच्या बोलण्यावर आहेत. बाकी पाचशे पानांत एक रेघ नाही. फक्त ह्याच्या बोलण्यावर. कारभाऱ्याच्या."

"मंग मोठा माणूस असंल तो."

"लबाड आहे काका तो." तिनं पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं. "एक विणकरीण आहे. नवरा वारलेला. घराची आणि मागाची कागदं हा वाड्याचा कारभारी सांभाळायला म्हणून घेतो. ती मागायला गेली की म्हणतो देतो, थांब. आणि तोवर तिच्याकडून वाड्याची लुगडी फुकट विणून घेतो. बारा वर्षं. दर वेळी नवं गोड वाक्य. बारा वर्षं, काका."

अण्णारावांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. मग हळूच म्हणाले, "विश्वास मोजायचा नसतो, ते?"

"त्याचंच."

"मन मोठं असलं की... ते तर चांगलं होतं की."

"ती म्हणते घरात दाणा नाही, विणल्याचं काहीतरी द्या. तेव्हा म्हणतो तो."

"आन् झाडाचं?"

"ती म्हणते, मी आता दुसऱ्या गावाला जाते. तेव्हा."

मल्लम्मानं तराजू खाली ठेवला. "रोज इचारत होते मी," ती म्हणाली, "कोण म्हणलं, कोण म्हणलं. हसत होतात समदे."

कोणी हसलं नाही.

अंबिकानं शेवटचं पान उलटलं. मागं एक कोरं पान होतं, त्यावर त्याच पेन्सिलीनं चार ओळी लिहिल्या होत्या. अण्णारावांनी वर्षभरात तिथपर्यंत कधी बघितलं नव्हतं. तिनं मोठ्यानं वाचलं.

'या माणसाचं एकेक गोड वाक्य मी खूण करून ठेवलं आहे. मला कोणी असंच बोलत होतं, तेव्हा ओळखता आलं नाही. पुढच्या वेळी ओळखता यावं.'

खाली नाव नव्हतं.

"बाईमाणूस असंल," मल्लम्मा म्हणाली.

उमरगा गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. अण्णारावांना ऐकू येत नव्हतं. ते माझ्याकडं बघत होते. मी इतकी वर्षं त्यांच्याकडून लिहून घेतलं, पण त्यांनी मला असं कधी बघितलं नव्हतं.

"त्या बिचाऱ्या जिवानं सावध राहायला खुणा केल्या," ते म्हणाले, "आन् मी त्या सुविचार म्हणून गावाला वाचायला लावल्या. वर्षभर. एक पान मागं जाऊन बघितलं न्हाई."

अंबिका पिशवीतून पत्र काढून बसली होती. घडी घातलेलं. उघडलं नाही.

"पोरी," अण्णाराव म्हणाले. नेहमी ते तिला मॅडम म्हणायचे. "फळ्यावर लिहून मी तुझं वाईट केलंय. आता तोंडानं काय सांगू?"

"तुम्ही काही सांगू नका. उद्या सकाळची लातूर गाडी कितीला आहे, तेवढं सांगा."

"सात वीस. फलाट एक."

"आणि आमच्या खेड्याची सव्वासात."

"व्हय. पाच मिनटं आधी."

ती उठली आणि गेली. जाणार असं म्हणाली नाही. नाही जाणार असंही नाही.

संध्याकाळी अण्णारावांनी मला पुसलं. कोरड्या कापडानं, नेहमीसारखं. वाक्य गेलं नाही. चार दिवस बसलेला खडू असा जात नाही, तो लाकडात मुरतो. मग त्यांनी कापड ओलं करून घासलं. परत घासलं. अक्षरं गेली, पण त्यांचा फिकट माग राहिला. उभं राहून तिरपं बघितलं की दिसायचं, 'थांब'.

सोमवारी सहाला त्यांनी नवा खडू घेतला. त्यांना सुविचाराची भाषा येते ती दुसऱ्याची. स्वतःची भाषा म्हणजे माईकवरची. तीच त्यांनी लिहिली:

'प्रवाशांनी लक्ष द्यावे. गेले वर्षभर या फळ्यावर लिहिलेली वाक्ये एका लबाड माणसाच्या तोंडची होती. नजरचुकीने सुविचार म्हणून लिहिली गेली. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. वाहतूक नियंत्रक.'

चार ओळींत मावलं नाही. शेवटचं त्यांनी खाली कडेला, बारीक अक्षरात, गुल्लीच्या बाजूनं वळवून लिहिलं.

सात वाजता अंबिका आली. एका हातात नेहमीची पिशवी. दुसऱ्या हातात बॅग नव्हती. माझं लाकूड गार पडलं. मग बघितलं, तिच्या मागून तिचा भाऊ पत्र्याची पेटी घेऊन येत होता. पेटी त्यानं दोन्ही फलाटांच्या मधोमध ठेवली. तीही ठरवून आली नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

खेड्याची गाडी आधी लागली. संगमेश दारात. "चला मॅडम, जागा धरलीय! पोरं वाट बघत असतील."

ती पोरं. ती एक पाय पुढं टाकून थांबली. मला दिसत होतं. गाडी गुरगुरत होती, दार उघडं होतं, चार वर्षांची सवय होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मित्रांनो, मी फळा आहे, मला स्वतःचं काही बोलता येत नाही. त्या वेळी माझ्यावर अण्णारावांचे स्वतःचे शब्द होते म्हणून मी वाचलो.

तिनं वाचलं. 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' पाशी आली आणि फिसकन हसली. डोळ्यांत पाणी होतं तरी हसली.

मग तिनं पिशवीतून ती शंभर पानी वही काढली आणि संगमेशच्या हातात दिली.

"ही मुख्याध्यापकांना द्या. आत माझा राजीनामा आहे. आणि त्यांना सांगा, परिपाठाला ही वही पोरांना वाचून दाखवा. मी रात्री प्रत्येक वाक्यापुढं लाल पेननं लिहिलंय, कोण म्हणालं आणि का म्हणालं."

"आन् तुम्ही?"

"माझी गाडी फलाट एकवर लागतेय."

सव्वासातची गाडी तिच्याशिवाय गेली. सात वीसच्या गाडीत अण्णारावांनी स्वतः पेटी चढवली. मल्लम्मानं खिडकीतून पेरू दिले, आणि अंबिका पैसे देऊ लागली तर तिच्या हातावर चापट मारली.

नऊला राजशेखर यांची जीप आली. ते उतरले, माझ्यासमोर उभे राहून सगळं वाचलं. अगदी कडेचं वळवलेलं सुद्धा, मान तिरपी करून.

"काय हो अण्णाराव, हे असलं कोण लिहितं?" त्यांनी हसूनच विचारलं. पण हसू नेहमीचं नव्हतं.

अण्णारावांच्या आधी मल्लम्मा बोलली. "कोण म्हणलं ते बी लिवलंय सायेब. नीट वाचा की."

ते वळून जीपमध्ये बसले.

याला आता आठ महिने झाले. अनुदान आलं का, असं तुम्ही विचाराल. नाही आलं. पुढच्या महिन्यात येणार आहे म्हणतात.

कादंबरीचा मालक अजून आला नाही. रजिस्टरला नोंद तशीच आहे, पुस्तक स्थानकाबाहेर गेलेलं नाही. पण अण्णाराव आता ते वाचून राहिलेत. पहिल्या पानापासून, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, बोट ठेवून. अंबिका महिन्यातून एखाद्या रविवारी गावाकडं येते तेव्हा दोघं बाकड्यावर बसतात. एखादं वाक्य आवडलं तर आधी मागचं पान, मग पुढचं पान, आणि मगच खडू. वाक्य महिन्यातून पाच-सहाच सापडतात. ज्या दिवशी सापडत नाही त्या दिवशी माझ्यावर लिहिलेलं असतं, 'आजचे वाक्य अजून सापडलेले नाही. वाचन चालू आहे.' लोक तेही थांबून वाचतात.

गेल्या आठवड्यात होतं, 'माग माझा, सूत माझं, दिवसही माझे. मग परवानगी तुमची कशाला?' आणि त्याखाली, 'विणकरीण, कारभाऱ्याला, वाड्याच्या पायरीवर, गाव सोडताना.' या वाक्याला पेन्सिलीची रेघ नव्हती.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालोय. लवकरच इथं दिव्यांची पाटी येणार आहे, तिच्यावर अक्षरं पळतात म्हणे. मला कुठं ठेवतील माहीत नाही. कोंबड्या असतील तर माझी ना नाही.

जाण्याआधी दोन मागण्या आहेत. मला रोजच्या रोज पुसा, आणि पुसाल तेव्हा कापड ओलं करा. कोरड्यानं पुसलं की जुनं वाक्य आत राहतं, आणि नव्या वाक्याच्या मागून डोकावतं. माझ्यावर सकाळचं ऊन तिरपं पडलं की आजही तो एक शब्द दिसतो, आणि मला शरम वाटते.

आणि माझ्यावर काहीही लिहा, पण खाली लिहिणाऱ्याचं नको, बोलणाऱ्याचं नाव टाका. मल्लम्मा विचारते.